घरच्या कढणातील उष्मांक कसे मोजावेत?

(पोषण सप्ताहानिमित्त शाहपुर, जिल्हा बऱ्हाणपूर येथे प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यासपीठाशेजारी शेगडीवर ठेवलेले पातेले आपण येतानाच पाहिले असेल. त्यात मुगाच्या डाळीचे कढण शिजत आहे. त्यात जे जे घातले ते आपणांपैकी काही भगिनींच्या देखत काट्यावर तोलून फळ्यावर लिहून ठेवले आहे. माझे भाषण लांबले तर कढण आटेल आणि मग फळ्यावरचा हिशेब चुकेल. तेव्हा वेळेचे बंधन आज घड्याळाने नव्हे, तर पातेल्याने घातले आहे.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. मी कला शाखेचा पदवीधर आहे. गणिताशी माझे सख्य शाळेतच संपले. परंतु ज्या हिशेबाविषयी आज बोलावयाचे आहे, त्याला केवळ बेरीज, गुणाकार आणि भागाकार लागतो. आपण केळीच्या बागायतीतील मंडळी आहात. घडाचे वजन काट्यावर होते तेव्हा दांड्याचे वजन धरावयाचे की वजा करावयाचे, यावर आपण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवता. तेवढेच लक्ष घरच्या पातेल्याकडे दिले की पुरे.

कढण, सार, वरण, पातळ रस्सा, आणि शहरात ज्याला सूप म्हणतात ते, या सर्वांचे एक कुळ आहे. पाण्यात काहीतरी शिजवावे आणि ते वाटीने प्यावे. भाकरीची गोष्ट निराळी. भाकरी डोळ्यांना दिसते, हाताला तिचे वजन कळते. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी म्हणजे सुमारे १७५ उष्मांक, हे एकदा पाठ केले की झाले. वाटीभर कढणात काय आहे हे मात्र नजरेला कळत नाही. दोन वाट्या अगदी एकसारख्या दिसतील आणि एकीत दुसरीच्या तिप्पट अन्न असेल. म्हणूनच हा पदार्थ मोजून पाहणे अगत्याचे आहे.

उष्मांक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तो आहारशास्त्रातील एक उष्मांक होय. शास्त्रीय परिभाषेत त्याला किलोकॅलरी म्हणतात आणि व्यवहारात नुसते कॅलरी. पदार्थविज्ञानातील लहान कॅलरी ही याच्या हजारावा भाग असते, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात स्पष्ट करावी, म्हणजे विद्यार्थ्यांचा घोटाळा होणार नाही. अन्नातील तीन घटक आपणांस ही उष्णता देतात. अमेरिकेतील विल्बर अ‍ॅटवॉटर या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोग करून जे सरासरी आकडे ठरविले, तेच आजही जगभर वापरले जातात. प्रथिनांच्या एका ग्रॅमपासून ४, पिष्टमय पदार्थांच्या एका ग्रॅमपासून ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून ९ उष्मांक. पाण्यापासून शून्य, मिठापासून शून्य.

तुरीच्या डाळीवर हा हिशेब करून पाहू. शंभर ग्रॅम कच्च्या डाळीत २२.३ ग्रॅम प्रथिने, १.७ ग्रॅम स्निग्धांश आणि ५७.६ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. गुणाकार करून बेरीज केली की ८९, १५ आणि २३० मिळून सुमारे ३३५ उष्मांक होतात. पुस्तकातील कोष्टकात तुरीच्या डाळीपुढे नेमका हाच आकडा छापलेला आढळेल. कोष्टकामागे एवढेच गणित असते.

हे आकडे कोठून आले, असा प्रश्न कोणी विचारील. निलगिरीतील कुन्नूर येथे १९१८ साली डॉ. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी आहारविषयक संशोधनास आरंभ केला. तेथूनच १९३७ मध्ये डॉ. आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे ही संस्था हैदराबाद येथे गेली आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. डॉ. गोपालन व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेली १९७१ ची कोष्टके अनेक वर्षे सर्वत्र वापरात होती. मी आज जे आकडे सांगत आहे ते मुख्यतः याच परंपरेतील आहेत. २०१७ मध्ये संस्थेने ५२८ पदार्थांची नवी कोष्टके काढली. त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, म्हणून त्या आकड्यास ४.१८४ ने भागून उष्मांक काढावे लागतात. जुन्या व नव्या आकड्यांत थोडा फरक पडतो. त्याची चिंता करू नये. जमिनीनुसार आणि वाणानुसार डाळीतही फरक पडतोच, आणि आपला हिशेब काही सोनाराचा नाही.

आता फळ्याकडे वळू. पातेल्यात मुगाची डाळ १०० ग्रॅम घातली आहे, तिचे ३४८ उष्मांक. दुधी भोपळा सोलून, चिरून २०० ग्रॅम, त्याचे २४. टोमॅटो १०० ग्रॅम, २०. कांदा ५० ग्रॅम, २५. लसूण ५ ग्रॅम, ७. फोडणीचे तेल १० ग्रॅम, ९०. हळद, जिरे, मीठ यांचे वजन इतके थोडे की सोडून दिले. एकूण बेरीज ५१४. पाणी एक लिटर ओतले आहे, त्यापुढे शून्य लिहिले आहे. आपण पाहिलेत की दोन छोटे चमचे तेलाने एवढ्या सगळ्या भाजीपेक्षा जास्त उष्मांक आणले. दुधी, टोमॅटो, कांदा आणि लसूण मिळून ७६, आणि तेल एकटे ९०.

रिकामे पातेले अगोदरच तोलून ठेवले होते, ६०० ग्रॅम. आता सेविकाताईंनी पातेले उतरवून काट्यावर ठेवले आहे. काटा दाखवतो १,८५० ग्रॅम. म्हणजे कढण १,२५० ग्रॅम झाले. ५१४ ला १,२५० ने भागले की एका ग्रॅमला ०.४१ उष्मांक येतात. आपली साधारण वाटी दीडशे ग्रॅमची धरली तर तीत सुमारे ६२ उष्मांक आणि तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने आली. हेच कढण आणखी पाणी घालून १,८०० ग्रॅम केले असते तर वाटीत ४३ उष्मांक राहिले असते. पातेल्यातील अन्न तेवढेच, वाट्या मात्र वाढल्या.

पद्धत एवढीच आहे. कच्चे साहित्य तोलावे, कोष्टकातील आकड्याने गुणावे, बेरीज करावी, शिजलेल्या पदार्थाच्या वजनाने भागावे. घरी काटा नसेल तर किराणा दुकानात जाऊन आपली नेहमीची वाटी डाळीने भरून एकदा तोलून घ्यावी आणि तो आकडा वाटीच्या बुडावर खिळ्याने कोरून ठेवावा. तेलाच्या पळीचेही तसेच करावे. मग रोज काट्याची गरज उरत नाही.

तथापि यात काही ठिकाणी पाय घसरतो. एका शिक्षक मित्रांनी उत्साहाने आपल्या घरच्या वरणाचा हिशेब मांडला आणि दीडशे ग्रॅमच्या एका वाटीत ५०० उष्मांक काढले. मला आश्चर्य वाटले. विचारता लक्षात आले की त्यांनी शिजलेल्या वरणाच्या वजनास कच्च्या डाळीच्या ३३५ या आकड्याने गुणले होते. शिजताना डाळ पाणी पिते, तिचे वजन कितीतरी वाढते, पण उष्मांक वाढत नाहीत. कोष्टकातील आकडा कच्च्या, कोरड्या डाळीचा असतो. ही चूक सुशिक्षितांकडूनच अधिक होते, कारण अशिक्षित माणूस कोष्टक उघडतच नाही.

दुसरी गोष्ट साल, बी आणि देठ यांची. कोष्टकात खाण्याजोग्या भागाचेच आकडे असतात. केळे सालीसकट तोलून ११६ ने गुणले तर हिशेब फुगतो. घडाच्या दांड्याबद्दल जागरूक असणाऱ्या गावाला हे अधिक सांगणे नको.

आणि तिसरी गोष्ट ढवळण्याची. ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यासाठी माझ्या घरातील एक प्रसंग सांगावा लागेल.

माझा धाकटा मुलगा नऊ महिन्यांचा होता तेव्हाची ही गोष्ट आहे. मी त्या काळी सकस आहाराची भित्तिपत्रके गावोगाव लावीत फिरत होतो. मोटारीच्या मागच्या आसनावर त्यांचे गठ्ठे असत. घरी माझी आई नातवाला भरवीत असे. तिने चार मुले वाढविली होती, तेव्हा तिला कोणी काही शिकवावे असे आम्हांला वाटलेही नाही. दोन महिने मुलाच्या वजनाच्या कार्डावरील रेघ आडवी राहिली. तिसऱ्या महिन्यात ती किंचित खाली वळली. लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेने कार्ड हातात घेतले आणि माझ्याकडे न पाहता आईला विचारले, "आजी, बाळाला काय देता?"

आई म्हणाली, "अगं बाई, दोन्ही वेळा वाटीभर वरणाचं पाणी देते. वरचं वरचं, निवळ. त्याला पचायला हलकं."

"आणि खालची डाळ?"

"ती आम्ही खातो. त्याला जड होईल ना ती."

परिचारिकेने एवढेच विचारले, "चमचा आडवा धरला तर त्यातलं अन्न टिकतं का ओघळतं?" आई काही बोलली नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी प्रथमच आमच्या वरणाचा हिशेब कागदावर मांडला.

आमच्याकडे चार माणसांना दीडशे ग्रॅम तुरीची डाळ लागे. तिचे सुमारे ५०० उष्मांक. वरण पातळ करण्याची पद्धत, ते दीड किलो होई. बाळाचे पाणी फोडणीपूर्वी काढलेले, म्हणजे तेलाचा प्रश्न नाही. सगळे नीट ढवळून शंभर ग्रॅमची वाटी भरली असती तरी तीत ३३ किंवा ३४ उष्मांक आले असते. दोन वाट्यांचे ६७. आईचे दूध पिणाऱ्या नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ३०० उष्मांक मिळाले पाहिजेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. म्हणजे गरजेच्या पावपट देखील नाही. आणि हा हिशेबही उदार होता, कारण भागाकार तेव्हाच खरा ठरतो जेव्हा पातेले तळापासून ढवळलेले असते. डाळ तळाशी बसते. पिष्ट आणि प्रथिने बहुतांशी तिच्याबरोबर बसतात. वरचे निवळ पाणी म्हणजे हळदीच्या रंगाचे पाणीच. ते पाजून आम्ही बाळाचे इवलेसे पोट भरीत होतो. पोट भरल्यामुळे ते रडतही नसे, म्हणून आम्ही समाधानात होतो.

यात आईचा दोष मी मानीत नाही. 'हलके ते चांगले' हा समज आपल्या घराघरांत आहे. दोष असलाच तर भित्तिपत्रके वाटणाऱ्याचा अधिक आहे. त्या पत्रकांवर 'बाळाला वरण द्या' असे छापले होते. वरण म्हणजे पातेल्याचा कोणता भाग, हे छापलेले नव्हते.

लहान बाळाच्या पोटात एका वेळेस फारतर दोनशे ते अडीचशे मिलिलिटर अन्न मावते. म्हणून त्याचे अन्न असे असावे की एका ग्रॅमला निदान ०.८ उष्मांक मिळावेत. आपण नुकतेच मोजलेले कढण, जे आपणां मोठ्यांना दाट वाटते, त्याचा आकडा ०.४१ आहे. निम्माच! मग बाळाला काय द्यावे? आमच्या घरी त्या दिवसापासून जे सुरू झाले ते सांगतो. तांदूळ ३० ग्रॅम, मुगाची डाळ १५ ग्रॅम, तूप ५ ग्रॅम. त्यांचे अनुक्रमे १०३, ५२ आणि ४५ मिळून २०० उष्मांक. मऊ शिजवून, घोटून दोनशे ग्रॅम खिचडी केली की एका ग्रॅमला बरोबर एक उष्मांक. ती दोन वेळांत विभागून द्यावी. त्यात अर्धे पिकलेले केळे, सोललेले पन्नास ग्रॅम, कुस्करून दिले की आणखी ५८. भाजलेल्या शेंगदाण्यांचे अगदी बारीक कूट दहा ग्रॅम खिचडीतच कालवले की ५७. बेरीज ३१५ झाली. अख्खा शेंगदाणा मात्र लहान मुलाच्या हाती कधीही देऊ नये, तो घशात अडकतो. यातील कोणती वस्तू शाहपुरात मिळत नाही? केळी तर येथून मालमोटारी भरून दूरदूर जातात.

स्तनपान या सर्वांबरोबर दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही चालू ठेवावयाचे आहे, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही द्यावयाचे नाही, पाणीसुद्धा नाही. हे आपण पुष्कळदा ऐकले आहे, म्हणून त्यावर थांबत नाही.

शिक्षकांसाठी शाळेतील भोजनाविषयी थोडे बोलतो. प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलासाठी धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम व तेल ५ ग्रॅम असे प्रमाण ठरलेले आहे आणि त्यातून निदान ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा आहे. आता आपण स्वतः पडताळून पाहू शकता. गव्हाचे पीठ ३४१, तुरीची डाळ ६७, निम्मा बटाटा व निम्मा दुधी धरला तर भाजी २७, तेल ४५. एकूण ४८०. प्रमाण कागदावर बरोबर उतरते. ते ताटातही उतरावे, यासाठी दोन ठिकाणी पाहावे लागते. हजेरीपटावर पन्नास मुले असतील तर पातेल्यात एक किलो डाळ पडली पाहिजे. पाणी मात्र पळीच्या अंदाजाने पडते आणि ते कितीही वाढविता येते. दुसरे असे की पहिल्या पंगतीला वाढताना वरण तळापासून ढवळले नाही, तर पहिल्या मुलांच्या वाटीत पाणी आणि शेवटच्या मुलांच्या वाटीत डाळ जाते. पहिल्या पंगतीला सहसा पहिलीची मुले बसतात. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी प्रमाण दीडपट आहे, धान्य १५० ग्रॅम व डाळ ३० ग्रॅम, आणि अपेक्षा ७०० उष्मांकांची. हा हिशेब पाचवीच्या मुलांना फळ्यावर करावयास द्यावा. गुणाकार, भागाकार आणि दशांश अपूर्णांक या तिन्हींचा सराव होईल, आणि दुपारी त्याच आकड्यांची वाटी त्यांच्यासमोर येईल. अंगणवाडीच्या बाबतीत २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या मूळ परिशिष्टात सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकास ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे लिहिलेले होते. सेविकाताईंना ते पाठ आहेच.

आतापर्यंत उष्मांक कमी पडण्याविषयी बोललो. ज्यांना ते कमी करावयाचे आहेत, अशीही मंडळी येथे समोर बसलेली दिसतात, आणि त्यांत मी एक आहे. आमच्या एका सहकाऱ्यांना डॉक्टरांनी वजन उतरविण्यास सांगितले. त्यांनी रात्रीचे जेवण सोडून टोमॅटोचे सूप घेण्यास प्रारंभ केला. महिनाभराने वजन तेवढेच. सूप कसे करता, असे विचारले तेव्हा उलगडा झाला. अर्धा किलो टोमॅटो, त्याचे १००. लोणी ३० ग्रॅम, २१९. दाटपणासाठी मक्याचे पीठ २० ग्रॅम, ७०. साखर १५ ग्रॅम, ६०. तीन वाट्यांत ४४९ उष्मांक, आणि त्या तिन्ही वाट्या ते एकटेच घेत. वर पाव. त्याच टोमॅटोचे आपल्या आजीच्या पद्धतीने सार केले, एक चमचाभर तुपाची जिरे-कढीपत्त्याची फोडणी दिली, तर ते १४५ मध्ये होते आणि वाटीला ४८ पडतात. नाव सूप असो वा सार, हिशेब लोण्याचा आहे. खोबऱ्याचे दूध घातलेले सारही या बाबतीत निर्दोष नाही.

आपल्याकडच्या झणझणीत रश्श्याची तऱ्हा वरणाच्या उलट. तेथे तेल वर तरंगते. शेवभाजीच्या पातेल्यात साठ ग्रॅम तेल पडले असेल तर ५४० उष्मांक तर्रीतच आहेत. घरातील कर्त्या पुरुषाला मानाने तर्री वाढली जाते. त्याला रक्तदाब असतो. आणि पोराला वरणाचे निवळ पाणी जाते. एकाच चुलीवर, एकाच वेळी, दोन्ही वाट्या चुकतात.

पातळ पदार्थ वाईट, असा याचा अर्थ कोणी करू नये. आजाऱ्याला कढण द्यावे, हे शहाणपण जुनेच आहे. आयुर्वेदात तांदळाच्या पेजेचेही प्रकार पाडलेले आहेत. गाळलेला तो मंड, थोडी शिते असलेली ती पेया, दाट झाली की विलेपी. डाळीच्या कढणाला यूष म्हणत आणि त्यातही फोडणी व तेलतूप नसलेला अकृत यूष आणि ते घातलेला कृत यूष, असा भेद केला होता. अन्न तुटलेल्या माणसाला पेयेपासून क्रमाने वर चढवीत नेण्याचा नियम होता. मला यातील लक्षणीय गोष्ट ही वाटते की वैद्यांनी पातळ आणि दाट यांना वेगवेगळी नावे दिली. आपण मात्र सगळ्याला 'वरण' म्हणून मोकळे झालो. शिवाय त्या क्रमात मंडावर कोणी कायमचे थांबत नसे. ताप उतरल्यावर माणूस पुन्हा भातावर येई. आम्ही निरोगी बाळाला दोन महिने मंडावर ठेवले होते.

उष्मांक हा काही अन्नाचा एकमेव माप नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. दुधी भोपळ्याचे शंभर ग्रॅममागे बारा उष्मांक म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. शेवग्याचा पाला, मेथी, पालक यांतून लोह आणि जीवनसत्त्वे मिळतात, ती या बेरजेत दिसत नाहीत. कढणात मूठभर शेवग्याचा पाला टाकला तर उष्मांकांचा आकडा फारसा हलणार नाही, तरी तो टाकावा.

भाषणानंतर उपस्थितांनी प्रश्न विचारले. त्यांपैकी तीन येथे देत आहोत.

एका शेतकरी बंधूंनी विचारले की पाकिटातील तयार सुपाचा हिशेब कसा करावा. त्यांना सांगितले की पाकिटाच्या मागे कोष्टक छापलेले असते. ते शंभर ग्रॅम कोरड्या चूर्णाचे आहे की तयार वाटीचे, हे आधी वाचावे. मग पाकिटाचे वजन पाहून गुणाकार करावा. मिठाचा आकडाही त्याच ठिकाणी असतो, तोही वाचावा.

एका शिक्षिकाताईंनी विचारले की कुकरमध्ये शिजविल्याने उष्मांक कमी होतात काय. होत नाहीत. शिजविलेले पाणी ओतून दिले तर त्याबरोबर काही भाग जातो. कढणात तर पाणी ओतून देण्याचा प्रश्नच येत नाही.

शेवटी मागच्या रांगेतील एक आजी उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, आम्ही इतकी वर्षं पोरांना वरचं पाणीच पाजलं. आता ते फेकून द्यायचं का?"

फेकावयाचे नाही, आजी. डाळ शिजली की रवीने घोटावी, म्हणजे वर आणि खाली असे दोन भाग राहतच नाहीत. बाळाची वाटी आधी काढावी, मग बाकीच्यात पाणी वाढवावे. त्या वाटीत भात कुस्करावा आणि छोटा चमचाभर तूप सोडावे. आजींनी विचारले, "आणि चमचा आडवा धरून बघायचा?" होय, तोही धरून पाहावा. सेविकाताईंनी त्यांना तेथेच आजच्या कढणातील तळाची डाळ चमच्यात घेऊन दाखविली.